आकाशांतील स्वर आणि गांठीचा पैसा

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेपाशीं, मांजरा नदीच्या खोऱ्यांत, बिलोली हें तालुक्याचें गांव आहे. गांवची भाषा मराठी. परंतु बाजाराच्या दिवशीं तेलुगूहि कानांवर पडते, आणि तेथील जुन्या दगडी मशिदीच्या आसपास दख्खनी उर्दूचा गोडवा अजून टिकून आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यांत होता. पुढें तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. परंतु नकाशा बदलला म्हणून अंतर बदलत नाहीं. बिलोलीहून हैदराबाद सरळ रेषेंत सुमारें पावणेदोनशें किलोमीटर, औरंगाबाद सुमारें पावणेतीनशें, आणि मुंबई तर फारच दूर. विद्युल्लहरींना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात, अंतर मात्र चांगलें ठाऊक असतें. म्हणून रेडिओच्या इतिहासांत अशा सीमेवरच्या गांवाचें स्थान मोठें विलक्षण आहे: तेथें तीन भाषांचे श्रोते आहेत, पण कोणत्याहि मोठ्या केंद्राचा आवाज तेथपर्यंत पोहोंचतांना थकून जातो.

इ.स. २००० नंतरच्या दशकांत अशा गांवच्या संगीतप्रेमी गृहस्थापुढें एक नवाच प्रश्न उभा राहिला. आकाशांत सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर एक उपग्रह स्थिर आहे. त्यावरून अहोरात्र स्वच्छ संगीत खालीं येत आहे. मात्र तें ऐकावयाचें तर विशेष यंत्र विकत घ्यावें लागतें आणि शिवाय वर्षाची वर्गणी भरावी लागते. साधा रेडिओ फुकट वाजत असतां हा पैसा खर्चावा कीं न खर्चावा? प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या पोटांत एक मोठा प्रश्न आहे: वाऱ्यावर येणाऱ्या आवाजाचें मोल कोणीं द्यावें, आणि तें दिल्यावर हातीं काय उरतें? या प्रश्नाचें उत्तर ज्यास हवें असेल त्यानें प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हिंदुस्थानांत तो पहिल्यानें विचारला गेला तो उपग्रहांच्या काळांत नव्हे, तर १९२७ सालीं.

त्या वर्षाच्या २३ जुलैस मुंबई येथें व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें, आणि २६ ऑगस्टला कलकत्त्याचें केंद्र निघालें. ही खासगी कंपनी होती. तिची मिळकत मुख्यत्वें दोन मार्गांनीं यावयाची होती. प्रत्येक रेडिओधारकानें सरकारास वर्षाला १० रुपये परवाना-फी द्यावयाची, तिचे शेंकडा ८० कंपनीस मिळावयाचे. आणि परदेशांतून येणाऱ्या बिनतारी सामानाच्या किंमतीवर शेंकडा १० प्रमाणें पट्टी बसावयाची. कागदावर ही व्यवस्था निर्दोष होती. इंग्लंडांत १९२२ पासून दहा शिलिंगांची वार्षिक फी होती, आणि त्या वेळपर्यंत तेथें वीस लाखांहून अधिक परवाने निघाले होते. हिंदुस्थान तर खंडप्राय देश. येथें श्रोत्यांची काय वाण, असें संस्थापकांस वाटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु १९२७ च्या अखेरीस परवाने निघाले ३,५९४. १९२८ अखेर ६,१५२. आणि १९२९ अखेर ७,७७५. याची कारणें शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. मुंबईच्या प्रक्षेपकाची शक्ति दीड किलोवॅट, म्हणजे खात्रीनें ऐकूं येण्याचा टापू सुमारें तीस मैलांचा. त्याबाहेरच्या मनुष्यानें दहा रुपये द्यावे ते कशासाठीं? यंत्रें विलायती आणि महाग. वीज नसलेल्या गांवीं तीं कोरड्या व ओल्या बॅटऱ्यांवर चालवावयाचीं, आणि ओली बॅटरी उतरली कीं ती शहरांत नेऊन पुन्हां भरून आणावयाची. शिवाय परवान्यावांचून यंत्र बाळगणारांस पकडण्याची कायद्यांतील तरतूद ढिली होती, त्यामुळें ऐकणारे पुष्कळ आणि पैसे देणारे थोडे, असा प्रकार झाला. १ मार्च १९३० रोजीं कंपनीचें दिवाळें निघालें. तिला पुरतीं तीन वर्षेंहि लाभलीं नाहींत.

येथें जें पुढें घडलें तें या विषयाच्या दृष्टीनें अत्यंत महत्त्वाचें आहे. कंपनी बुडाली, पण श्रोत्यांचीं यंत्रें मुकीं झालीं नाहींत. १ एप्रिल १९३० पासून सरकारनें दोन्ही केंद्रें आपल्या हातीं घेतलीं. ऑक्टोबर १९३१ मध्यें काटकसरीच्या नांवाखालीं तीं बंद करण्याचें जाहीर झालें. त्यावर इतका गवगवा झाला कीं, नोव्हेंबरांत सरकारास तो निर्णय फिरवावा लागला, आणि मे १९३२ मध्यें हें खातें कायम झालें. पुढें १९३३ च्या कायद्यानें विनापरवाना यंत्र बाळगणें गुन्हा ठरलें, आणि ८ जून १९३६ रोजीं या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. परवान्यांची संख्याहि वाढूं लागली. १९३२ अखेर ती साडेआठ हजारांच्या आसपास होती. १९३४ अखेर ती सोळा हजारांवर गेली. या वाढीचें एक कारण असें कीं, डिसेंबर १९३२ मध्यें लंडनहून बी. बी. सी. ची साम्राज्यसेवा सुरू झाली, आणि येथील युरोपियन लोकांनीं मायदेशचा आवाज ऐकण्यासाठीं यंत्रें घेतलीं. तात्पर्य, फी तीच होती. परंतु जेथें मनास हवें तें मिळूं लागलें तेथें ती जड वाटेनाशी झाली.

या काळांत बिलोली निजामाच्या अमलांत होती. तेथें व्यवहारांत चालणारें नाणेंहि हाली शिक्क्याचें, इंग्रजी कलदार रुपयाहून कमी मोलाचें. हैदराबाद येथें आरंभीं खासगी प्रयत्नानें निघालेलें छोटें केंद्र १९३५ सालीं निजाम सरकारनें आपल्याकडे घेतलें. तोच पुढें डेक्कन रेडिओ म्हणून ओळखला गेला. औरंगाबाद येथेंहि संस्थानचें केंद्र होतें. देश स्वतंत्र झाला त्या वेळीं संस्थानांच्या मालकीचीं जीं पांच केंद्रें होतीं, त्यांपैकीं हैदराबाद व औरंगाबाद हीं दोन एकट्या या संस्थानांत होतीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आवाजाचें खरें मोल काय असतें, हें मराठवाड्यास सप्टेंबर १९४८ मध्यें कळलें. त्या महिन्याच्या १३ तारखेस भारतीय फौजा संस्थानांत शिरल्या, आणि १७ तारखेच्या सायंकाळीं निजामानें युद्ध थांबविल्याची घोषणा रेडिओवरून झाली. वृत्तपत्र पोहोंचावयास दिवस लागावे, तार सामान्य माणसाच्या हातची नसावी, आणि गांवावर सत्ता कोणाची हें मात्र त्याच रात्रीं कळावें, अशी ती वेळ होती. त्या एका सायंकाळची किंमत वर्षाच्या फीमध्यें मोजतां येणार नाहीं. मनुष्य रेडिओला पैसा देतो तो नित्याच्या गाण्यासाठीं. पण त्याचा उपयोग कधीं कधीं अशा एखाद्या क्षणासाठीं होतो, आणि त्या क्षणीं यंत्र चालू असणें हेंच सर्वांत मोठें ठरतें.

१ एप्रिल १९५० रोजीं हैदराबादचें केंद्र भारत सरकारच्या आकाशवाणीकडे आलें. यानंतरच्या तीन दशकांत परवाना हा घरोघरचा विषय झाला. टपाल कचेरींत जावें, पुस्तकावर तिकिटें लावून घ्यावीं, आणि तपासनीस आल्यास तें पुस्तक दाखवावें, असा तो रिवाज होता. मौज अशी कीं, फी आकाशवाणीच्या व्यवस्थेसाठीं भरली जाई, पण कान मात्र अनेकदां सिलोनकडे लागलेले असत. १९५२ सालापासून केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळें आकाशवाणीवरून चित्रपटगीतें हद्दपार झालीं; त्याच सुमारास रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. परदेशचें केंद्र एक पैसाहि न घेतां हवें तें देत होतें, आणि घरचें केंद्र पैसा घेऊन हितकर तें देत होतें. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू करून आकाशवाणीस श्रोत्यांच्या आवडीपुढें मान तुकवावी लागली.

त्याच काळांत दुसराहि एक प्रयोग महाराष्ट्रांत झाला. १९५६ सालीं युनेस्कोच्या साहाय्यानें पुणें केंद्रानें पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवांत शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें चालविलीं. गांवाचा एक रेडिओ. त्याभोंवतीं मंडळी जमावयाची. आठवड्यांतून दोनदां कार्यक्रम ऐकावयाचा आणि नंतर त्यावर चर्चा करावयाची. या प्रयोगाचा लाभ त्या वेळीं मराठवाड्यास झाला नाहीं, तरी त्यांतला हिशेब सर्वत्र लागू पडतो: यंत्राची किंमत एका कानावर घातली तर ती भारी होते, वीस कानांवर वांटली तर हलकी होते.

पुढें ट्रॅन्झिस्टर आले. बॅटरीचा त्रास कमी झाला, किंमती उतरल्या, आणि शेताच्या बांधावर, पानाच्या ठेल्यावर, बैलगाडींतहि रेडिओ वाजूं लागला. परभणी आणि नांदेड येथेंहि आकाशवाणीचीं केंद्रें निघालीं. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास परवाना-पद्धति अजिबात बंद झाली. एका पिढीस रेडिओ म्हणजे फुकटची वस्तु असें वाटूं लागलें. वस्तुतः तो फुकट नव्हता. त्याचा खर्च करांतून आणि जाहिरातींतून निघत होता. परंतु जो पैसा खिशांतून प्रत्यक्ष जात नाहीं, तो गेलाच नाहीं असें मानणें हा मनुष्यस्वभाव आहे.

अशा श्रोत्यांपुढें वर्ल्डस्पेस ही कंपनी येऊन उभी राहिली. तिचा संस्थापक नोआ समारा हा जन्मानें इथिओपियाचा. त्यानें १९९० सालीं अमेरिकेंत ही संस्था काढली. आफ्रिका व आशिया खंडांतील ज्या जनतेपर्यंत चांगलें प्रक्षेपण पोहोंचत नाहीं, तिला उपग्रहावरून ज्ञान व संगीत द्यावें, असा मूळ हेतु होता. ऑक्टोबर १९९८ मध्यें ॲफ्रिस्टार व मार्च २००० मध्यें एशियास्टार हे दोन उपग्रह आकाशांत गेले. एशियास्टारचें स्थान विषुववृत्ताच्या वर १०५ अंश पूर्व रेखांशावर होतें. बिलोलीच्या गच्चीवर उभें राहिल्यास तें आग्नेयेस, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर येतें. यंत्राचा चपटा ग्राहक त्या दिशेस वळवावयाचा, आणि मध्यें झाड किंवा भिंत येऊं द्यावयाची नाहीं, इतकेंच काम.

यंत्र नीट लागलें कीं मिळणारें फळ मात्र खरोखर अपूर्व होतें. मध्यम लहरींवरील खरखर नाहीं, रात्रीं आवाज वर-खालीं होणें नाहीं, निवेदकाची अडचण नाहीं. हिंदुस्थानी संगीतासाठीं ‘गांधर्व’, कर्नाटक संगीतासाठीं ‘श्रुति’, जुन्या हिंदी चित्रपटगीतांसाठीं ‘फरिश्ता’, गझलांसाठीं ‘फलक’, तेलुगूसाठीं ‘स्पंदन’ अशा स्वतंत्र वाहिन्या होत्या. मराठी गीतांचीहि सोय होती. तीन भाषांच्या संगमावर वसलेल्या गांवास हा जणूं मुद्दाम योजलेला नजराणा होता. ज्या गृहस्थास ख्याल ऐकण्यासाठीं आकाशवाणीच्या ठराविक घटकेची वाट पाहावी लागे, त्यास मध्यरात्रींहि भीमपलास नव्हे तर मालकंस ऐकावयास मिळणें, ही सामान्य गोष्ट नव्हती. संगीतकार ए. आर. रहमान यांनीं या सेवेची नांदीची धून रचली आणि जाहिरातींत तिचा पुरस्कार केला. आरंभीं यंत्र घेतलें म्हणजे पुष्कळसें फुकट ऐकतां येई. पुढें वर्गणीची पद्धति सक्त झाली.

वर्गणी महाग होती काय? केवळ आंकडा पाहिला तर, रोज ऐकणाऱ्या घरास ती चहाच्या खर्चाहून फार जड नव्हती. अमेरिकेंत एक्स. एम. ही अशीच सेवा सप्टेंबर २००१ मध्यें आणि सिरियस त्यानंतर निघाली. दोघींनीं लक्षावधि वर्गणीदार मिळविले, आणि जुलै २००८ मध्यें त्या एक होऊन तरल्या. मग भारतांत हें कां साधलें नाहीं? एक कारण मोटार. अमेरिकेंतील श्रोता दिवसाचे कित्येक तास गाडींत काढतो. तेथें धांवत्या गाडींत आवाज तुटूं नये म्हणून शहरांतून जमिनीवर पूरक प्रक्षेपक उभारले गेले. भारतांत ती सोय झाली नाहीं. यंत्र खिडकीशीं बांधलेलें राहिलें. दुसरें कारण फुकटची स्पर्धा. जुलै २००१ पासून खासगी एफ. एम. केंद्रें शहरांतून निघूं लागलीं आणि भ्रमणध्वनींतच रेडिओ येऊं लागला. डिसेंबर २००४ मध्यें सरकारनें डी. डी. डायरेक्ट प्लस ही घरोघर तबकडीवर येणारी सेवा सुरू केली. तींत दूरचित्रवाणीबरोबर आकाशवाणीच्या अनेक वाहिन्याहि होत्या, आणि तबकडीची किंमत एकदां दिली कीं महिन्याची वर्गणी नव्हती. उपग्रह तोच चमत्कार करीत होता, पण पैसा मागत नव्हता.

तिसरें कारण श्रोत्यास न दिसणारें होतें. उपग्रह बांधावयास आणि उडवावयास अफाट भांडवल लागतें, आणि तें आधीं लागतें. वर्गणी मागाहून, थेंबाथेंबानें येते. १७ ऑक्टोबर २००८ रोजीं वर्ल्डस्पेसनें अमेरिकेंत दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. त्या सुमारास तिचे जगभरचे वर्गणीदार सुमारें पावणेदोन लक्ष होते, आणि त्यांत शेंकडा ९६ भारतांतले होते. ३१ डिसेंबर २००९ रोजीं भारतांतील सेवा बंद झाली. पूर्वसूचना अवघ्या कांहीं दिवसांची मिळाली. ज्यांनीं आगाऊ वर्गणी भरली होती ते हात चोळीत राहिले. आणि जी हजारों रुपयांचीं यंत्रें होतीं, तीं त्या वाहिन्यांपुरतीं कायमचीं मुकीं झालीं.

१९३० आणि २००९ या दोन सालांतील साम्य कोणासहि दिसेल: दोन्ही वेळां खासगी कंपनी, दोन्ही वेळां श्रोत्यांची फी अपुरी, दोन्ही वेळां दिवाळें. परंतु बोध आहे तो त्यांतील भेदांत. १९३० चा रेडिओ कोणा एका कंपनीचा दास नव्हता. मुंबई बंद पडली असती तरी तो कोलंबो पकडूं शकला असता. आणि मुंबई बंद पडलीहि नाहीं, कारण लोकांचा गवगवा ऐकणारें सरकार, भलें परकी असो, जवळ होतें. २००९ चा ग्राहक एका कुलपाची किल्ली विकत घेत होता. कुलूप मात्र दुसऱ्याच्या हातीं, सातासमुद्रांपलीकडे होतें. नांदेडच्या किंवा बंगळूरच्या श्रोत्यांनीं कितीहि ओरड केली तरी अमेरिकेंतील न्यायालयांत ती पोहोंचण्याचा मार्ग नव्हता.

तेव्हां बिलोलीच्या त्या गृहस्थानें वर्गणी भरली ती चुकलीच, असें म्हणावें काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्यानें पांच-सहा वर्षें रोज रात्रीं गांधर्व ऐकलें, ज्याच्या घरांत मुलांच्या कानांवर उत्तम गायकी पडली, ज्याच्या ओसरीवर शेजारचे चार रसिक येऊन बसले, त्याचा पैसा त्या त्या वर्षींच वसूल झाला. ज्यानें हौसेनें यंत्र घेतलें, आठ दिवस वाजविलें आणि फडताळावर ठेवलें, त्याचा पैसा कंपनी बुडण्यापूर्वींच बुडाला होता. वर्गणी ही खरेदी नव्हे, ती भाड्यासारखी आहे. राहिलेल्या दिवसांचें भाडें फुकट गेलें असें कोणी म्हणत नाहीं. पण अनेक वर्षांचें भाडें एकदम आगाऊ देणारास मात्र शहाणा म्हणतां येत नाहीं.

या साऱ्या इतिहासांतून निवड करणाऱ्यास चार कसोट्या मिळतात. मिळणारी वस्तु दुसरीकडे अल्प खर्चांत मिळते काय, हें पाहावें. घरांतील किती कान ती रोज ऐकतील, याचा प्रामाणिक हिशेब करावा. घेतलेलें यंत्र कंपनी गेल्यावर कांहीं कामाचें उरतें काय, हें विचारावें. आणि पैसा शक्य तितक्या थोड्या मुदतीचा द्यावा. यांपैकीं पहिल्या दोन कसोट्यांवर बिलोलीसारख्या गांवीं उपग्रह रेडिओ मुंबईपेक्षां अधिक योग्य ठरला असता. शेवटच्या दोन कसोट्यांवर तो कोठेंहि कच्चाच ठरला असता.

या कथेचा शेवट मात्र अगदींच उदास नाहीं. २६ जानेवारी २०१६ रोजीं आकाशवाणीनें ‘रागम्’ ही अहोरात्र शास्त्रीय संगीताची वाहिनी बंगळूरहून सुरू केली. ती तबकडीवरून व इंटरनेटवरून ऐकतां येते आणि तिला वर्गणी नाहीं. जें एकेकाळीं थोड्यांस पैसे देऊन मिळत होतें, तें अशा रीतीनें सर्वांच्या दाराशीं आलें. खासगी उद्योगानें भूक जागी करावी, त्यांत स्वतः बुडावें, आणि सार्वजनिक संस्थेनें मागाहून ती भूक भागवावी, असा क्रम १९३० मध्यें दिसला; तोच ऐंशीं वर्षांनीं थोड्या फरकानें पुन्हां दिसला. म्हणून त्या पावणेदोन लक्ष वर्गणीदारांचा पैसा अजिबात वायां गेला असें म्हणवत नाहीं. त्यांना परतावा मिळाला नाहीं हें खरें. पण अहोरात्र संगीत ऐकणारा श्रोता या देशांत आहे, आणि तो बिलोलीसारख्या गांवींहि आहे, याची साक्ष त्यांनींच आपल्या गांठीच्या पैशानें दिली.